रोकडेंची पंधरा मिनिटं

रोकडे कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन उभे राहायचे. पाण्याचा ग्लास पुढे केला तरी घेत नसत. मिनिटकाटा एक घर सरकलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की मग निवांत येऊन बसायचे. आमच्या शहापूरच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंना वाटलं, पाहुण्यांना जायची घाई आहे. त्यांनी धांदलीत पोहे टाकले. पोहे होईपर्यंत रोकडेंनी आमचं घड्याळ खाली उतरवून मांडीवर घेतलं होतं. ते आदल्या दिवसापासून बंद होतं आणि आम्हा पाच माणसांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी दोन दिवस बस चुकवत होते ती का, हे मला तेव्हा कळलं.

"चालू दिसतं आणि चालू असतं, यात फरक हाय मॅडम," असं म्हणून त्यांनी पोह्यांवर खोबरं जरा जास्त मागून घेतलं.

भास्कर रोकडे सापगावचे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेले, पुढे कल्याणला रविवारचे क्लास करून कॉम्प्युटर शिकलेले. मुरबाडच्या एमआयडीसीत औषधांना लागणारी रसायनं बनवणारा एक कारखाना होता, तिथली कॉम्प्युटरची खोली ते सांभाळायचे. मी तिथेच लॅबमध्ये केमिस्ट होते. कंपनीची बस शहापूरहून सुटायची आणि सापगावला रोकडेंना घ्यायची. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात स्टीलचा डबा. डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि जवळा. एसी बंद असला की सगळ्या ऑफिसला त्यांच्या जेवणाची वेळ कळायची. यावरून आम्ही त्यांना बरंच छळलं. ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळाच आणायचे.

साल दोन हजार सात असेल. कंपनीने जुने चार कॉम्प्युटर भंगारात काढले आणि त्यांच्या जागी एक मोठा सर्व्हर आणला. आता चारही कॉम्प्युटर त्या एकाच्या पोटात आहेत, असं रोकडे सांगायला लागले तेव्हा मी त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला समजावलं. घर एक, बिऱ्हाडं चार. प्रत्येकाला वाटतं आपलं घर वेगळं आहे. आतल्या या बिऱ्हाडांना ते व्हर्च्युअल मशीन म्हणत. एक बिऱ्हाड लॅबचं, एक गोदामाचं, एक हजेरीचं आणि एक प्लांटच्या कंट्रोल रूमचं. भानगड एवढीच की आतलं बिऱ्हाड मेलं तरी घरमालकाला बाहेरून कळत नाही. त्याच्या खोलीतला दिवा जळत असतो, पंखा फिरत असतो. मालक वहीत लिहितो, सगळे मजेत.

मग कळणार कसं, मी विचारलं. त्यासाठी आतल्या प्रत्येक मशीनने दर थोड्या सेकंदांनी बाहेरच्याला एक ठोका द्यायचा. ठोके थांबले की बाहेरचा ठरावीक वेळ वाट बघणार. तेवढ्यात ठोका आला नाही, तर मशीन मेलं असं धरून ते बंद करणार आणि नव्याने उठवणार. माणसाने हात लावायची गरज नाही. किती वेळ वाट बघायची तो आकडा तेवढा आपण भरायचा. रोकडेंनी सुरुवातीला एक मिनिट भरलं होतं.

या ठोक्यांवर त्यांचा जीव होता. खोलीत आले की पहिल्यांदा चारही मशीनचे ठोके बघायचे. तरीही दिवसातून तीनदा, दहा, बारा आणि चारला, ते प्रत्येक खात्यात चालत जायचे आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतंय का ते बघायचे. माझ्या मागे येऊन मिनिटभर मुकाट्याने उभे राहायचे. नवीन मुलींना याची भीती वाटायची. एकीने तक्रारही केली होती. मी तिला सांगितलं, अगं ते तुझ्याकडे बघत नाहीयेत, त्यांना तू दिसतसुद्धा नाहीस.

दुसरं खूळ फोटोचं. मशीन क्रॅश झालं, पडद्यावर निळ्या रंगात पांढरी अक्षरं आली, की सगळ्यांचा हात बटणाकडे जायचा. बंद करा, चालू करा, कामाला लागा. रोकडे धावत येऊन तो हात धरायचे. आधी ती सगळी अक्षरं नि आकडे एका लांबड्या वहीत उतरवून घ्यायचे, मग बटण. मरताना ते काहीतरी सांगून जातं, ते पुसून टाकलं तर पुढच्या वेळी तेच होणार, असं त्यांचं म्हणणं. फॅक्टरी मॅनेजर एकदा या वहीपायी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. रोकडेंनी शेवटची ओळ पूर्ण केली आणि मगच सॉरी म्हटलं. नवीन सर्व्हर आल्यावर त्यांनी अशी सोय केली की आतलं मशीन उठवण्याआधी बाहेरचं मशीन त्याच्या पडद्याचा फोटो काढून ठेवेल. ज्या दिवशी ती सोय चालली त्या दिवशी त्यांनी सगळ्या लॅबला वडापाव खिलवला. कशाबद्दल ते आमच्यातल्या एकालाही नीट कळलं नाही, पण वडे गरम होते.

आता माझ्या वाट्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

रोज दुपारी दीडच्या सुमाराला मशीनमधल्या सगळ्या कामाची एक प्रत काढून ठेवली जायची. त्या वेळी लॅबचं मशीन फार हळू व्हायचं. एके दिवशी ते इतकं मंदावलं की त्याला मिनिटभर ठोका देता आला नाही. बाहेरच्याने मिनिट मोजलं, मेलं असं ठरवलं आणि जिवंत मशीन बंद करून पुन्हा उठवलं. माझी तीन दिवस चाललेली टेस्ट त्यात गेली. मी तणतणत रोकडेंच्या खोलीत गेले आणि नको नको ते बोलले. शेवटी म्हणाले, एका मिनिटात मेलं म्हणून ठरवता तुम्ही, थोडं थांबायला काय जातं तुमचं?

रोकडेंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, मी आवाज चढवला म्हणून. संध्याकाळी बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि आपणहून बोलायला लागले. त्यांच्या धाकट्या बहिणीला लहानपणी मण्यार चावली होती. शहापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिचे डोळे मिटले होते, हातपाय हलत नव्हते, श्वास कळत नव्हता. बरोबर आलेल्या गावकऱ्यांनी संपलं म्हणून सांगितलं. एक जण तर पुढच्या तयारीला सापगावला परतही गेला. तिथला डॉक्टर तेवढा थांबा म्हणाला आणि हाताने फुगा दाबून तिला हवा देत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पायाचा अंगठा हलला. रोकडेंचा हात तेव्हा त्याच पायावर होता.

"आता तिला दोन पोरं हायेत," ते म्हणाले. "तुमी बोललात ते बराबर. घाई माझी झाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मिनिटाची पंधरा मिनिटं केली. मी खूश झाले. माझी टेस्ट नंतर एकदाही मध्ये तुटली नाही. तो आकडा एकच होता आणि चारही मशीनना लागू होता, ही गोष्ट रोकडेंना माहीत होती. लॅबचं मशीन आणि प्लांटचं मशीन यांना एकाच मापाने मोजू नये, हे त्या दिवशी त्यांच्या मनात आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तो अंगठा होता.

कंट्रोल रूममध्ये काळूराम विशे बसायचा. शेणव्याचा, चाळिशीचा, घरची भातशेती सांभाळून नोकरी करणारा. एका मोठ्या भांड्यात रसायन शिजायचं, त्याचं तापमान पडद्यावर बघायचं, दर पंधरा मिनिटांनी रजिस्टरात लिहायचं आणि आकडा चढायला लागला की गार पाणी सोडायचं, हे त्याचं काम. पूर्वी भांड्यापाशी जिना चढून जायला लागायचं, तिथे काट्याचं मीटर होतं. पडदा आल्यापासून वर जाणं सगळ्यांनीच सोडलं होतं. खाली बसून दिसतंय, तर गुडघे कशाला झिजवा. धोक्याचा भोंगाही त्याच मशीनमधून वाजायचा. तो वेगळा करून द्या, असा अर्ज रोकडेंनी दोनदा दिला होता. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर दोनदा मिळालं होतं.

भाताची कापणी सुरू होती, ते दिवस. रोकडे दुपारी यूपीएसच्या बॅटऱ्या आणायला मुरबाड गावात गेले होते. दोन वाजून दहा मिनिटांनी कंट्रोल रूमचं मशीन आतल्या आत थिजलं. पडद्यावर तापमान होतं चौसष्ट. ते तसंच राहिलं. काळूरामने सव्वादोनला रजिस्टरात चौसष्ट लिहिलं. खरं तापमान तेव्हा किती चढलं होतं ते देव जाणे. दोन बावीसला वरून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, म्हणून तो बघायला जिना चढला. वर पोचतो न पोचतो तोच भांड्याचं झाकण फाटलं आणि उकळती वाफ त्याच्या तोंडावर आली.

दोन पंचवीसला, म्हणजे थिजल्यापासून रोकडेंनी ठरवलेल्या पंधरा मिनिटांनी, बाहेरच्या मशीनने आतल्याला उठवलं. माणसं कंट्रोल रूममध्ये शिरली तेव्हा पडदा अगदी ठणठणीत होता. आकडा बदलत होता, घड्याळ चालत होतं, भोंगा वाजत होता.

काळूरामचा एक डोळा गेला. दुसऱ्याने उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. इस्पितळात तो येईल त्याला एकच सांगायचा, पडद्यावर चौसष्टच होतं. त्यावर कुणाचा विश्वास बसेना. कंपनीने चौकशीत रजिस्टर पुढे केलं. दोन वाजता चौसष्ट, सव्वादोनला चौसष्ट. माणूस झोपला होता आणि मनाने आकडे लिहीत होता, असा त्याचा अर्थ लावला. मशीन मध्ये काही मिनिटं बंद दिसतं ते स्फोटात लाइट गेली म्हणून, असं कागदावर आलं. मी काळूरामला इस्पितळात भेटायला गेले तेव्हा त्याची बायको मला दाराबाहेर घेऊन गेली. गावात लोक म्हणतात हा डुलक्या काढत होता, हे सांगून ती रडली. डोळ्यांचं ती काहीच बोलली नाही.

रोकडेंकडे फोटो होता. मशीन उठवण्याआधी, दोन पंचवीसला काढून ठेवलेला. त्यात चौसष्ट होतं आणि कोपऱ्यातल्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं होती. मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावून बराच वेळ शांतपणे समजावलं. हा फोटो बाहेर गेला की लोक विचारणार, दोन दहापासून दोन पंचवीसपर्यंत तुमचं मशीन कशाची वाट बघत होतं? ते पंधरा कुणी भरले? विचार करा, तुमच्या घरी तुमच्या एकट्याचा पगार आहे. रोकडेंनी हे सगळं मला बसमध्ये सांगितलं. खिडकीतून सिद्धगडाकडचे डोंगर दिसत होते, ते तिकडेच बघत बोलत होते. मी विचारलं, मग काय करणार? म्हणाले, फोटो देणार.

चौकशीला सरकारी साहेब आले होते. आम्ही सात-आठ जण खुर्च्यांवर ओळीने बसलो होतो. रोकडेंनी फोटोचा कागद टेबलावर ठेवला आणि बिऱ्हाडांपासून सगळं समजावलं, जसं मला समजावलं होतं. साहेबांना पटलं. मग त्यांनी विचारलं, एका मिनिटाची पंधरा मिनिटं कुणाच्या सांगण्यावरून केली?

"कुणाच्या नाय. माझ्याच डोक्यानं केली."

मी त्यांच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर होते. मला उठून बोलता आलं असतं. मी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसले. भीती वाटली, एवढंच कारण आहे आणि त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

काळूराम निर्दोष ठरला. त्याच्या घरी त्याचा पगार चालू राहिला. रोकडेंना महिन्याभरात काढून टाकलं. भोंग्याचे ते दोन अर्ज कुठल्याच फायलीत सापडले नाहीत. सगळ्या मशीनच्या नोंदी जपणाऱ्या या माणसाने आपल्या अर्जाची एक प्रत ठेवली नव्हती. ते सापगावला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला लागले. पुन्हा कॉम्प्युटरला हात लावल्याचं मी तरी ऐकलं नाही.

महिन्यातून एकदा मात्र ते शेणव्याला जायचे. काळूरामला डोळे तपासायला ठाण्याला न्यायचे, त्याचे ड्रॉप आणून द्यायचे, पेपर वाचून दाखवायचे. शेणव्यात त्यांचं नाव फार मोठं झालं होतं. आपल्या माणसाच्या इज्जतीसाठी सापगावच्या माणसाने नोकरी घालवली, असं लोक बोलायचे. पंधरा मिनिटांचं काळूरामला कुणी सांगितलं नव्हतं. ते फक्त चौकशीच्या कागदात होतं आणि कागद त्याला दिसत नव्हता. बायकोला वाचता येत नव्हतं.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. जीपमधून उतरून चालताना रोकडे म्हणाले, आज त्याला सांगून टाकतो. मी थांबलेच. म्हटलं, कशाला? त्याला तुमचा आधार आहे, तुम्हाला त्याचा आहे. आता सांगून कुणाचं भलं होणार?

"मॅडम, पंधरा मिनटं त्यानं खोटं बघितलं," ते म्हणाले. "आता मला बघतोय तेबी खोटंच. किती दिवस बघायला लावू?"

मग माझंही नाव सांगा, मी म्हणाले. ते चालतच राहिले. तुम्ही मागितलं, द्यायचं की नाही ते माझ्या हातात होतं, असं काहीसं पुटपुटले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

काळूराम ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. बोटांनी चाचपून दाणे एका बाजूला, सालं दुसऱ्या बाजूला. पावलांवरून त्याने रोकडेंना ओळखलं, मीही आल्याचं त्यांनी सांगितलं, तसं त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं. रोकडे खाली त्याच्यासमोर बसले. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी सगळं सांगितलं. आधी एक मिनिट होतं, मग त्याची पंधरा कशी केली, ती सगळ्यांना एकच कशी लागली. लॅबचं काम मध्ये तुटत होतं एवढंच म्हणाले, कुणाचं ते नाही. काळूरामची बोटं थांबली होती.

"एक मिनट आसतं तर?" त्याने विचारलं.

"दोन अकराला मशीन उठवलं असतं. दोन चौदापर्यंत खरा आकडा दिसला असता."

"पानी सोडलं आसतं मी."

"हा. सोडलं असतं."

काळूराम पुन्हा शेंगा सोलायला लागला. बायको चहा घेऊन दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"चा पिऊन जा," काळूराम म्हणाला. "आन आता येत नका जाऊ."

रोकडे हं म्हणाले. त्यांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायला. मी उभीच होते. काळूरामला माझी आठवण झाली असावी, कारण त्याने मान माझ्या बाजूला वळवली आणि बायकोला म्हणाला, बाईंना वाईच वाल दे गो घरी न्यायला, लांबून आल्यात. तिने पिशवीत दोन ओंजळी भरून दिल्या. मी ती घेतली. तेव्हाही मला बोलता आलं असतं.

रोकडे उठले आणि कप घेऊन मोरीशी गेले. त्या घरात ते इतक्या वेळा आले होते, पण कप धुवायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. वरच्या जातीच्या घरात ओट्याखाली बसून आपला कप आपण धुवायचा, हे दिवस त्यांच्या वडिलांनी पाहिले होते, त्यांनी नाही. राहू द्या, राहू द्या, म्हणत काळूरामची बायको पुढे झाली. त्यांनी कप दिला नाही. दोनदा विसळला, ओट्याच्या कडेला उपडा घातला, रुमालाने हात पुसले आणि चप्पल पायात घालून रस्त्याकडे चालायला लागले. मी वालाची पिशवी धरून त्यांच्या मागे निघाले. त्यांना गाठायला मला दोन-चार पावलं भराभर टाकावी लागली असती, ती मी टाकली नाहीत.